सोडलेला चेंडू

'बिडो!'

सकाळी साडेसहाला घरामागच्या मैदानातून ही आरोळी येते आणि बंगळूरमधला माझा दिवस सुरू होतो. जाळीत दहा-अकरा वर्षांची पोरं, हातातली बॅट अंगापेक्षा जरा मोठीच, आणि बाजूला कमरेवर हात ठेवून उभे असलेले सर. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू दिसला की पोराची बॅट आपसूक तिकडे ओढली जाते. मग सर ओरडतात, बिडो. म्हणजे, सोड रे. इतकी वर्षं इथे राहून माझी कानडी भाजीवाला आणि रिक्षावाला यांच्या पलीकडे गेलेली नाही. हा एक शब्द मात्र मला आतून कळतो, कारण तो मी एका माणसाच्या मनगटात पाहिलेला आहे.

राहुल द्रविड. जन्म इंदूरचा, 11 जानेवारी 1973, वाढला बंगळुरात. घरात मराठी, मैदानावर कानडी, सेंट जोसेफ शाळेत इंग्रजी. वडील जॅम बनवणाऱ्या किसान कंपनीत, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं जॅमी. आई वास्तुकलेची प्राध्यापिका. आम्ही त्याला 'आपला द्रविड' म्हणतो, शेजारचे 'नम्म द्रविड'. आडनावात दक्षिण आणि स्वयंपाकघरात मराठी असलेल्या माणसावरून भांडायचं तरी कसं? त्यात त्याचा पहिलाच रणजी सामना फेब्रुवारी 1991 मध्ये, पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. 82 धावा केल्या. आमच्या 'आपला'ची पंचाईत तिथूनच सुरू झाली. शाळेत असताना शतक ठोकलं तर पेपरात नाव छापून आलं 'डेव्हिड', हा किस्सा तो स्वतःच हसत सांगतो. द्रविड नावाचा मुलगा असूच शकत नाही, असं छापणाऱ्याला वाटलं असावं.

पुढे जगाने त्याला 'वॉल' म्हटलं. मला ही उपमा कधीच पटली नाही. भिंत येईल ते अंगावर घेते. काय घ्यायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे तिच्या हातात नसतं. द्रविडचं सगळं कसब तर त्या निवडीत होतं. भिंतच म्हणायची तर चांगदेवांना भेटायला निघालेली ज्ञानदेवांची म्हणावी. ती निदान उठून चालली तरी.

त्याचं चेंडू सोडणं आठवून पाहा. उजवा पाय मागे आणि किंचित ऑफ स्टंपकडे, डोकं चेंडूच्या रेषेत, हेल्मेटच्या जाळीतून टपटपणारा घाम. बॅट खाली येऊ लागलेली. आणि अगदी शेवटच्या क्षणी दोन्ही हात वर, वाटेतून बाजूला. पण नजर सुटत नाही. चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये विसावेपर्यंत मान त्याच्यामागे वळते. पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवून यावं तशी.

कसोटीत तो 31,258 चेंडू खेळला. इतके दुसरं कोणीही खेळलेलं नाही. त्यांतले सोडलेले किती, ते धावफलक सांगत नाही. कोलकात्यात 2001 मध्ये लक्ष्मणबरोबरच्या 376 धावांच्या भागीत त्याचे 180, ॲडलेडचे 233, रावळपिंडीचे 270, हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र 2008 चं सिडनी आठवतं. 18 वर अडकला तो चाळीस चेंडू. शेवटी एक धाव निघाली, सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं आणि या गृहस्थाने शतक झाल्यासारखी बॅट उंचावली.

मराठीत आपण काय काय सोडतो! उपास सोडतो, हट्ट सोडतो, पदरात पडलेल्या गोष्टीवर पाणी सोडतो. कर्णधार द्रविडला यातलं बरंच करावं लागलं. बदली कर्णधार असताना 2004 मध्ये मुलतानला सचिन 194 वर नाबाद असताना त्याने डाव सोडला. मराठी घरांतून त्याबद्दल आजही कुरकुर ऐकू येते. मला निर्णय बरोबर वाटतो, फक्त निरोप आधी जायला हवा होता. त्याच्या कारकिर्दीत 2006 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये 35 वर्षांनी मालिका जिंकली, जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेतली पहिली कसोटी जिंकली. त्यानंतर 2007 चा विश्वचषक, पोर्ट ऑफ स्पेनला पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये 21 वर्षांनी मालिका हाती आली. तरी शेवटच्या कसोटीत ओव्हलवर फॉलोऑन न देता 96 चेंडूंत 12 धावा करणारा कर्णधार पाहून मी चिडलो होतो. तिथे सोडायची होती ती भीती. ती राहिली, आणि सप्टेंबरात त्याने कर्णधारपदच सोडलं.

आणि मग ऑस्ट्रेलियाचा तो शेवटचा दौरा. आधीच्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तीन शतकं काढलेला हा माणूस आठ डावांत सहा वेळा त्रिफळाचीत झाला. बॅट आणि पॅडमधून चेंडू आत शिरायचा आणि मागे तो आवाज व्हायचा. 9 मार्च 2012 ला चिन्नास्वामी स्टेडियममध्ये त्याने निवृत्ती सांगितली. निरोपाचा सामना मागितला नाही. पुढे बंगळूर विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेटही त्याने 2017 मध्ये घेतली नाही. पदवी मिळवायची तर अभ्यास करून, असं कळवलं. प्राध्यापिकेचा मुलगा!

ब्रिजटाऊनला 29 जून 2024 रोजी भारताचा प्रशिक्षक म्हणून टी-20 विश्वचषकाची ट्रॉफी हातात आली तेव्हा तो जे ओरडला, ते पाहून घरात आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. एवढं सगळं कुठे साठवलं होतं याने?

आज सकाळी बाय-टू कॉफीतला माझा अर्धा पेला घेऊन कठड्याशी उभा होतो. चेंडू आला, सर ओरडले, बिडो. पोराने अगदी शहाण्यासारखे हात वर घेतले. चेंडू आत वळला आणि ऑफ स्टंप आडवा झाला. पोरगं रडवेलं होऊन सरांकडे बघू लागलं.

'परवागिल्ल,' म्हणजे असू दे, सर म्हणाले, आणि स्टंप उचलायला वाकले.