पावत्यांची तार

पूर्वी घरोघरी पावत्या ओवून ठेवायला एक तार असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा आणि ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. आमच्या कराडच्या घरात ती वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या टेबलामागे होती. शेतसारा, विजेचं बिल, सोसायटीचा हप्ता, खत-बियाण्यांच्या दुकानाची पावती, जे येईल ते अण्णा मधोमध टोचून तारेत ओवत. त्या मळकट कागदांत मधेच एखादी गुलाबी किंवा पिवळी पावती दिसायची. वसतिगृहाला, वाचनालयाला, अंधशाळेला दिलेल्या देणगीची. रक्कम पाच रुपये, फार तर अकरा. तिला वेगळी फाईल नव्हती की वेगळं कौतुक नव्हतं. शेतसारा द्यायचा तशी देणगीही द्यायची आणि दोन्हींची पावती घ्यायची, असा अण्णांचा शिरस्ता होता. आज माझ्या मनात जी काही आशा शिल्लक आहे, तिचा माग काढत गेलं की मी त्या तारेपाशी पोचते.

आजीच्या देण्याला मात्र पावती नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आमच्या कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत जेवू लागली. ती पंगत रोज चालवणं सोपं नव्हतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. गावोगाव मुष्टिफंड सुरू झाला. दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहासाठी द्यायचं. आजी सांगायची, जोंधळा निवडून झाला की ती पहिली मूठ गाडग्यात टाकायची आणि मगच जात्यावर बसायची. ज्या वर्षी पाऊस दगा द्यायचा त्या वर्षीसुद्धा. पुढं अण्णा त्याच संस्थेच्या शाळेत शिकले, त्यांच्या मागोमाग भावकीतली मुलं शिकली आणि आमच्या वाड्यात पहिल्यांदा वर्तमानपत्र येऊ लागलं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या मुठीनं काय घडवलं याचा हिशेब तिनं कधी मागितला नाही, पण अण्णा मोठ्यानं बातम्या वाचत तेव्हा ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

बँकेत लागल्यावर माझी स्वतःची तार झाली. पुण्यात कोथरूडला खोली होती, रोजची बस कर्वे रस्त्यावरून जायची. ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला गेला. शिकवणं फर्ग्युसनमध्ये, आश्रम हिंगण्यात, म्हणून कर्वे ती वाट रोज पायी तुडवत. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. विद्यापीठाला उद्योगपती ठाकरसींची पंधरा लाखांची मोठी देणगी आली ती १९२० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं आश्रम तगला तो कर्व्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वर्गण्यांवर. मोठ्या देणगीला नाव लागतं आणि ते लागावंही. पण देणगी येईपर्यंत संस्था जिवंत ठेवणारे ते बिननावाचे वर्गणीदार मला फार जवळचे वाटतात. आजी त्यांच्यातलीच होती.

पुढं बँकेत पीककर्जाच्या टेबलावर काम आलं आणि मन खचू लागलं. कागदावर सातबारा, समोर माणूस आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं. ज्याचं कर्ज नवं-जुनं केलं, त्याच्या घरातून पुढच्या वर्षी बायकोच येऊन बसायची. नवरा गेलेला असायचा. विहिरीला पाणी नाही, मालाला भाव नाही आणि माझ्या हातात फक्त शिक्का. त्यातच २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ते आमच्या साताऱ्याचे. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या वार्तापत्राच्या वर्गणीची पावती माझ्या तारेत दरसालची. त्या दिवशी वाटलं, आता कशाला काही अर्थ नाही.

पण कार्यकर्त्यांनी काम एक दिवसही थांबवलं नाही. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. पुढच्या महिन्याचं वार्तापत्र वेळेवर दारात पडलं. नेता गेल्यावर चळवळ कशावर उभी राहते, हे मला तेव्हा समजलं. शेकडो गावांत कुणीतरी सतरंजी अंथरतं, कुणी फळा आणतं, कुणी वर्गणी गोळा करून पावती फाडतं. गोळीला एक माणूस दिसतो, ही एवढी सगळी माणसं दिसत नाहीत.

नंतर माझी बदली साखर कारखान्याच्या पट्ट्यात झाली आणि एका लहानशा संस्थेशी ओळख झाली. दिवाळीनंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीडहून, ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पहाटेपासून फडात उभं राहायचं. मुलं पाचट आणि ताडपत्रीच्या खोपीत राहतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा तिथंच सुटते.

संस्थेनं कारखान्याच्या तळावर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा मांडली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वर्गात शिरताच वर पाहिलं. आढ्याच्या लोखंडी नळ्यांना जुन्या साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांत तान्ही पोरं झोपलेली. खाली सतरंजीवर त्यांच्या बहिणी बसलेल्या. एका मुलीनं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली होती. पाय पुढं-मागं हलत होता, झोळी हलत होती आणि हातानं ती वहीत बाराखडी गिरवत होती. आधी भावांना घेऊन वर्गात यायचं नाही असा नियम होता, म्हणे. मग मुलीच येईनाशा झाल्या. तेव्हा शिकवणाऱ्या ताईंनी घरून साड्या आणल्या. त्या साड्यांची पावती कुठंच नाही. पण त्या वर्षीच्या अहवालात मुलींची हजेरी वाढलेली दिसते.

बँकेची सवय म्हणून मी दरसाल संस्थेचा जमाखर्च वाचू लागले. काही हंगाम गेले. एका वर्षी अहवाल हातात देताना त्या ताई आनंदानं म्हणाल्या, “मॅडम, यंदा पट निम्म्यावर आलाय बघा. पोरं गावाकडंच राहिलीत.” इतकी वर्षं संस्था दुसऱ्या टोकालाही काम करत होती. मूळ गावांत जाऊन आजी-आजोबांशी बोलायचं, ग्रामपंचायतीला पटवायचं, शिक्षण खात्याकडं हंगामी वसतिगृहासाठी खेटे घालायचे. आई-बाप फडावर गेले तरी मुलांना गावातच जेवण आणि शाळा मिळावी, एवढंच मागणं. तळावरची शाळा रिकामी व्हावी यासाठीच ती शाळा चालवली जात होती. आपल्या कामाची गरज संपावी म्हणून वर्षानुवर्षं राबणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

मग जिथं जमेल तिथं जाऊन मी अशी कामं पाहत गेले आणि प्रत्येक ठिकाणी थोड्याफार फरकानं हीच कहाणी भेटली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं तिथंही येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि पुढं अंगणवाडी देशभर पोचली. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये गेल्या होत्या.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गर्भवतीची तपासणी, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी, लसीकरण हे सगळं गावातल्याच बाईच्या हाती आलं. हातपंपाची जागा त्यांनी दलित वस्तीत धरली, म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. २००५ नंतर देशभर ज्या आशाताई दिसू लागल्या, त्यांच्या पाठीशी जामखेडसारख्या ठिकाणचा हा अनुभव उभा आहे.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचे मृत्यू रोखायचे तर घरी जाऊन बाळ तपासलं पाहिजे आणि ते गावातल्याच बाईनं केलं पाहिजे, हा त्यांचा विचार. त्यातलं एक साधन मला फार मोलाचं वाटतं. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला किती श्वास पडतात हे मोजावं लागतं. मोठी संख्या मोजता न येणाऱ्या बाईसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी एकत्र बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळ आजारी आहे. ३९ गावांत आरोग्यदूतांनी हे काम केलं आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढं २०११ पासून आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. सर्चच्या आरंभापासून मोजलं तर पंचवीस वर्षं गेली.

या पंचवीस वर्षांत कुणीतरी दर महिन्याला पगार केले, जीपमध्ये डिझेल भरलं, नोंदवह्या छापल्या. बदल दिसायला लागतो तेव्हा बातमी होते. त्याआधीची वर्षं ज्या पैशावर निघतात त्याची बातमी होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला देणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण तो पैसा बहुधा ठरावीक प्रकल्पाला, ठरावीक मुदतीसाठी येतो. मुदत संपते, मुलं तिथंच असतात. देणगीदारही पाण्याची टाकी देतात, बाक देतात, त्यावर आई-वडिलांचं नाव घालतात. ताईंच्या मानधनाला पैसे द्यायला फारसं कुणी पुढं येत नाही. ‘प्रशासनावर किती खर्च करता?’ हा प्रश्न मी सभांमध्ये वारंवार ऐकला आहे. शाळेत शिकवणारी, घरी जाऊन बाळ तपासणारी, मुकादमाशी भांडणारी माणसं हेच तर काम आहे. त्यांचा पगार हा खर्चातला फालतू भाग नव्हे, तो कामाचा कणा आहे.

संस्थांनी सगळं करावं आणि सरकारनं मोकळं व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. लाखो मुलांना शिकवणं आणि गावोगावी दवाखाना चालवणं हे सरकारचंच कर्तव्य आहे, ते दुसऱ्या कुणाला पेलणारही नाही. पण काय केलं तर जमतं, हे कुणीतरी आधी चार गावांत करून दाखवावं लागतं आणि मग ते सरकारच्या गळी उतरवावं लागतं. यातल्या पहिल्या कामासाठी तुमचा-माझा पैसा लागतो, दुसऱ्यासाठी आपला आवाज लागतो.

मला आशा मिळाली ती या हिशेबांतून. टीव्हीवरच्या बातम्यांनी ती रोज जाते, हे खरं. पण ज्या कामात आपला थोडासा वाटा आहे, ते काम दरसाल तसूभर पुढं सरकलेलं पाहिलं की माणूस सहज हार मानत नाही. निवृत्तीनंतर पेन्शन जमा होते त्याच दिवशी ठरलेली रक्कम तीन संस्थांकडे जाते. पावती आता ई-मेलनं येते. नव्या करप्रणालीत ‘८०जी’ची सवलतही मिळत नाही. तरी मी ती छापून घेते आणि सुनेला वाचायला देते. यंदा तिनं स्वतःहून चौथी संस्था निवडली.

वाचणाऱ्याला माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरापासून एस.टी.नं तासा-दोन तासांत जाता येईल अशी एखादी संस्था शोधा. एक दिवस काढून तिथं जा, काम करणाऱ्यांशी बोला, वार्षिक अहवाल मागा, त्यातला जमाखर्च वाचा, न कळेल ते विचारा. पटलं तर दर महिन्याला झेपेल तेवढी रक्कम ठरवा, भले ती दोनशे रुपये असो. ती कशावर खर्च करायची हे संस्थेला ठरवू द्या. आणि एकदा सुरू केलं की निदान दहा वर्षं थांबू नका.