तोडीनंतरचं रान

टर्कीच्या शिकारीत बंदुकीचं काम अगदी शेवटी येतं. त्याआधी सगळी भिस्त कानांवर. एप्रिलच्या पहाटे, उजाडायच्या बऱ्याच आधी, जॉर्जियाच्या पीडमाँटमधल्या एखाद्या टेकाडावर उभं राहायचं, घुबडासारखी हाळी द्यायची आणि रातथाऱ्यावरचा नर भडकून ‘गॉबल’ करतो का ते ऐकायचं. केला, की तो उतरेल कुठे आणि माद्यांच्या मागे वळेल कुठे, याचा अंदाज बांधायचा. मग खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण असते, बुंध्यामुळे आपली आकृती लपते. शिवाय मागून एखादा दुसरा शिकारी आलाच तर पाठ राखायलाही तोच. पुढे लाकडी डबीवर पातळ फळी घासत मादीचा आवाज काढायचा आणि त्याला चाळीस यार्डांच्या आत आणायचं. वसंतात इथे फक्त नर मारता येतो. 2022 पासून हंगामात दोनच, पूर्वी तीन होते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, शिकार ही ऐकीव गोष्ट. अटलांटाच्या मराठी मंडळींत मी हे सांगायला लागलो, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या ताटाकडे.

शिकारीच्या या सगळ्या हिशोबात झाड मध्यभागी आहे. आणि झाड आमचं नसतं. जॉर्जियात लाकडाचं जंगल सुमारे 2.2 कोटी एकर, त्यातलं बहुतेक खाजगी मालकीचं. मालक पाइन लावतो लाकडासाठी. आमच्यासारखे क्लब शिकारीच्या हक्काचं भाडं भरतात, ती त्याची वरकड कमाई. त्यामुळे हिवाळ्यात ‘तोड लागणार’ अशी बातमी आली, की क्लबात सुतक पडतं. वर्षानुवर्षांचा ठरलेला ओक जाणार, ठरलेली वाट जाणार.

माझ्या मते हे सुतक बहुतेक वेळा अनाठायी असतं.

सरसकट तोड झालेल्या रानात पहिले दोन-तीन उन्हाळे जाऊन बघा. जमिनीवर ऊन पडतं आणि रॅगवीड, ब्लॅकबेरी, उंच गवतं असं काय काय उगवून येतं. त्यात किडे, नाकतोडे. मादी जमिनीवरच घरटं करते, दहा-बारा अंडी घालते, सुमारे 28 दिवस उबवते. पिल्लांना पहिले दोन आठवडे नीट उडता येत नाही, आणि त्या दिवसांत त्यांचं पोट किड्यांवरच भरतं. गर्द सावलीच्या रानात त्यांना ना पुरेसे किडे मिळतात, ना लपायला गवत. आम्ही ज्याच्यासाठी हळहळतो ते देखणं, स्वच्छ, उंच झाडांचं रान पिल्लाच्या दृष्टीने जवळपास ओसाड असतं.

नरालाही तोड आवडते. ओंडके रचायला केलेली मोकळी जागा आणि ते ओढणाऱ्या स्किडर यंत्राने पाडलेल्या वाटा म्हणजे पिसारा फुलवून मिरवायला तयार अंगण. मात्र इथे शिकाऱ्याला आपली रीत बदलावी लागते. रानात आवाज ऐकून नर शोधत येतो, कारण मादी झाडांआड असेल असं त्याला वाटतं. मोकळ्यावर त्याला आवाजाच्या जागी मादी दिसायला हवी. दिसली नाही, की तो शंभर यार्डांवर थांबतो, पिसारा फुलवून वाट बघतो, आणि तासाभराने दुसरीकडे निघून जातो. अशा वेळी कितीही गोड साद घाला, व्यर्थ. म्हणून मोकळ्याच्या तोंडाशी बसू नये. वाटेचं वळण किंवा जमिनीचा चढ अशा बेताने निवडावा, की वळण ओलांडून त्याची मान दिसेल तेव्हाच तो टप्प्यात असेल. टर्कीच्या शिकारीतलं खरं कसब मला इथेच दिसतं. आवाज काढणं त्यामानाने सोपं.

खरी पंचाईत पुढे होते. चौथ्या-पाचव्या वर्षी झुडपं आणि नवे पाइन इतके दाटतात, की त्यात टर्कीला दिसत नाही आणि चालवत नाही. मग पाइनचे शेंडे एकमेकांना भिडतात, खाली नुसत्या सुया उरतात. पहिली विरळणी होते ती बारा ते सोळा वर्षांनी. विरळणी झाली आणि मालकाने दर दोन-तीन वर्षांनी ठरवून आग फिरवली, तर गवत परत येतं, टर्कीही येतात. विरळणीतलं बारीक लाकूड जातं कागदाच्या लगद्याला, आणि 2025 मध्ये सव्हाना आणि राइसबरो इथल्या मोठ्या गिरण्या बंद झाल्या. गिऱ्हाईक नसेल तर मालक विरळणी पुढे ढकलतो, रान अंधारातच राहतं. तेव्हा झाडं पडण्याइतकंच न पडण्याचंही भय धरायला हवं, हे क्लबातल्या जुन्या मंडळींना पटवणं कठीण जातं.

एका तोडीबद्दल मात्र मी त्यांच्याच बाजूने भांडतो: ओढ्याकाठच्या ओकांची. हिवाळ्यात टर्की ओकच्या फळांवर जगते, आणि पाण्याच्या कडेची उंच झाडं तिचा रातथारा. पाइन पंचवीस-तीस वर्षांत पुन्हा कापणीला येतो. फळांनी लगडलेला जुना ओक आपल्या हयातीत परत येत नाही. ओढ्याकाठी झाडांचा पट्टा राखावा असं राज्याच्या वनखात्याच्या शिफारशीही सांगतात, पण तो किती रुंद राखायचा हे बरंचसं मालकाच्या मनावर राहतं.

हल्ली आपल्यापैकी काही जण इथे गुंतवणूक म्हणून रानाची जमीन घेतात. त्यांना एकच विनंती. लाकूड विकाल तेव्हा ओढ्याकाठचे ओक सोडायचे आणि एप्रिल ते जून, माद्या अंड्यांवर आणि पिल्लांबरोबर असताना, तोड लावायची नाही, हे ठेकेदाराकडून करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं स्किडर चालवणाऱ्यापर्यंत पोचत नाही.