चष्मा आणि सुई

भाजलेल्यांच्या वॉर्डात सगळ्यांत मोठा धसका असतो तो ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा. तिची चाकं कुरकुरली की पोरं पाय आखडून घेतात. सलाइनने कितीही भिजवा, जखमेला चिकटलेली जाळी सुटताना कातडं ओढलं जातंच.

मी भूलतज्ज्ञ. रोजच्या ड्रेसिंगला रोज पूर्ण भूल देणं परवडत नाही. आधीच खंगलेल्या पेशंटला भुलीसाठी रोज उपाशी कुठे ठेवायचं? म्हणून फेंटानिल, कधी केटामाइन, आणि आता सोबत व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा. हा मार्ग सिएटलच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी दाखवला. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’मध्ये भाजलेला माणूस बर्फाच्या दरीतून सावकाश तरंगत जातो आणि पेंग्विनांवर, हिममानवांवर गोळे फेकतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हॉफमन यांच्या गटाने नऊ निरोगी माणसांना उष्णतेचे चटके देऊन मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मॉर्फिनच्या कुळातलं औषध आणि चष्मा, दोन्ही एकदम दिले तेव्हा दुखणं जास्त उतरलं. औषध कळ बोथट करतं आणि खेळ लक्ष पळवतो. दुखायलाही लक्ष लागतंच की!

कागदावर सोपं वाटलं. सुरुवातीलाच एका बारा वर्षांच्या मुलाला भीती वाटू नये म्हणून मी मिडाझोलम जरा सढळ हाताने दिलं. त्याची मान कलली, चष्मा नाकावर घसरला, गोळे फेकणारा अंगठा ढिला पडला. धड झोप नाही, धड खेळ नाही. सिस्टरांनी जाळी ओढली आणि तो किंचाळला. चूक माझी होती.

आता क्रम ठरलाय. आधी चष्मा, औषधाविना दोन मिनिटं खेळ. मग शिरेतून फेंटानिल, बेताचं. पेशंटचा नेम लागतोय ना, हे मी पडद्यावर पाहते. गोळे भलतीकडे जायला लागले की औषध जास्त झालंय. मॉनिटरच्या आधी हे मला पेंग्विन सांगतात. मळमळीचं औषध आधीच द्यावं लागतं, कारण फेंटानिल आणि चष्मा दोघंही पोट ढवळतात. चेहराच भाजला असेल तर पट्टा बांधता येत नाही. तिथे आमची फक्त सुई.

मध्यंतरी एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘चष्मे आलेत, आता इंजेक्शनांचा खर्च वाचेल.’ नाही वाचणार. चष्मे जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर औषधाच्या चिठ्ठीतली एकही ओळ खोडू नका.