स्वभावाचें औषध

रोगाची साथ आली म्हणजे वैद्य रोग्याची नाडी पाहतात; परंतु त्याच वेळीं घरोघर आणखी एक परीक्षा चाललेली असते, आणि ती मनुष्यस्वभावाची होय. ‘स्वभावाला औषध नाहीं’ असें आपण नित्य म्हणतों. पण साथीच्या दिवसांत स्वभावच कधीं कधीं औषधाचें काम करतो, ही गोष्ट आम्हांस पनवेल येथें २०२० सालीं पाहावयास मिळाली.

२२ मार्चच्या सायंकाळीं आमच्या आळींत थाळ्या वाजल्या, तेव्हां सर्वांचे हात सारखेच हलत होते. पुढें तीन दिवसांत टाळेबंदी आली आणि स्वभाव निरनिराळे दिसूं लागले. एक शेजारी पराकाष्ठेचे भित्रे. ते दुधाची पिशवीसुद्धां साबणानें धूत. दुसरे गृहस्थ मनमोकळे. माणसांवांचून त्यांस करमेना, म्हणून मुखपट्टी हनुवटीवर ओढून ते फाटकाशीं उभे राहत. तिसरे शुद्ध भांडखोर. आळींत त्यांचें कोणाशींच पटत नसे.

शेजारच्या इमारतींत मुंबईच्या एका इस्पितळांतील परिचारिका राहत होती. लोकल बंद, म्हणून ती बसनें जाऊन येऊन काम करी. मे महिन्यांत तेथील मंडळींनीं कागद तयार केला कीं, साथ सरेपर्यंत तिनें मुंबईंतच राहावें. थाळ्या वाजविणाऱ्यांच्याच सह्या त्यावर पडूं लागल्या. भित्र्यांनीं भीतीपोटीं सही केली, मनमोकळ्यांनीं कोणास दुखवूं नये म्हणून केली. नकार देणारा एकच निघाला, आणि तो भांडखोर! ‘आधीं मला घराबाहेर काढा,’ असें बजावून तो जिन्यांत खुर्ची टाकून बसला. कागद तेथेंच बारगळला.

पुढें १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीवरील सर्वांस लस खुली झाली. पिशव्या धुणारे गृहस्थ आतां सुईस भिऊं लागले. त्यांस गप्पांच्या ओघांत केंद्रापर्यंत नेलें तें त्या मनमोकळ्या गृहस्थांनीं! जो गुण पहिल्या वर्षीं धोक्याचा, तोच दुसऱ्या वर्षीं उपयोगी पडला. आणि ज्या भीतीनें एका वर्षीं घर राखलें, तीच पुढल्या वर्षीं आड आली.

मागील शतकांतरींही हेंच दिसतें. १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच वर्षीं पुण्यांत रँड यांच्या करड्या अंमलाखालीं सैनिकांनीं घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च रोजीं निवर्तल्या. रोग एकच, परंतु कोणी त्यास धैर्यानें, कोणी धाकानें, तर कोणी मायेनें सामोरें गेलें. १८९७ चाच साथरोगाचा कायदा २०२० सालींही लागू झाला. कायदा शंभर वर्षांहून अधिक टिकतो. तो ज्यांवर चालवावयाचा तीं माणसें मात्र दर घरीं निराळीं असतात.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, साथीच्या काळीं माणसांचे स्वभाव बदलण्याच्या भरीस पडूं नये; त्यांस कामें वांटून द्यावींत. भित्र्याकडे औषधांची व स्वच्छतेची यादी द्यावी, बोलक्यास समजूत घालावयास धाडावें, आणि दहाजण मिळून एकास घराबाहेर काढूं लागले तर भांडखोरास हांक मारावी. त्यांचें आणि आमचें गाडी लावण्याच्या जागेवरून अद्यापि जमत नाहीं. तें न जमो.