शेजारचे लाडू

23 फेब्रुवारी 2022 रोजी अशोक गेहलोत ह्यांनी राजस्थानच्या अर्थसंकल्पात जुने निवृत्तिवेतन परत जाहीर केले. 1 जानेवारी 2004 पासून सेवेत आलेल्यांना अखेरच्या मूळ पगाराच्या निम्म्याची हमी मिळाली. जयपुरात, चांदपोलच्या एका गल्लीत, सचिवालयातल्या कारकुनाने लाडू वाटले. समोरचा शेजारी खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला. 1995 च्या योजनेतून त्याला महिना हजार रुपये मिळत. 2014 साली ठरलेले ते किमान महागाईबरोबर हललेले नव्हते.

“बाबूजी, ह्यात आमचाही कर आहे,” लाडू हातात धरूनच तो म्हणाला.

हजाराचा आकडा ठरला दिल्लीत; राग काढायला जवळ होता तो शेजारीच. कारकुनाचा चेहरा उतरला. म्हातारपणाची हीच धास्ती त्यानेही कालपर्यंत बाळगली होती. लाडू अखेर नातवाने खाल्ला.