पाऊस

"काका, डोळे मिटा," असें म्हणून पुतण्यानें माझ्या कानांवर हेडफोन चढविले. लावलें काय, तर 'ब्लॅक सॅबथ'! हेवी मेटल नामक गडगडाटी संगीताचा आरंभ पुष्कळसे जाणकार १९७० सालच्या याच ध्वनिमुद्रिकेपासून धरतात.

आमच्या तरुणपणीं दादानें हिची कॅसेट आणली होती; तीहि नकलेची नक्कल. आरंभीं एक घंटा वाजे आणि तिच्याभोंवतीं नुसती खरखर. ती घालविण्यासाठीं दादा टेपरेकॉर्डरचें हेड स्पिरिटच्या बोळ्यानें पुसपुसून थकला. आज ऐकतों तों ती खरखर नव्हतीच. तो पाऊस होता! थेंब न् थेंब निराळा.

पुतण्या आंकडे सांगूं लागला. येथें सेकंदाला ९६,००० नमुने, साध्या सीडींत ४४,१००. मनुष्याच्या कानाची धांव फार तर २०,००० कंपनांपर्यंत; माझी तर त्याच्याहि पुष्कळ अलीकडे. वरची सारी मिळकत वटवाघळांची! मला पाऊस दिला तो स्वच्छ प्रतीनें.

मग गिटार आली. वाजविणारा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. प्लॅस्टिकची बाटली वितळवून केलेलीं टोपणें त्या बोटांवर चढवून हा तारा दाबूं लागला. तें दादाला सांगावें म्हणून मी हांक मारणार, तोंच आठवलें, कीं दादाला जाऊन चार वर्षें झालीं.

वहिनी दाराशीं उभ्या होत्या. मीं गाणें पुन्हां आरंभापासून लावून हेडफोन त्यांच्या हातीं दिले.

"पाऊस तेवढा ऐका," म्हटलें, "पुढचें तुम्हांला सोसायचें नाहीं."