आदर्शवादाचा लबाड सोबती

ध्येयवेड्या नायकाशेजारी लेखक अनेकदा छेदपात्र, म्हणजे विरोधातून नायकाचा स्वभाव ठळक करणारे पात्र, उभे करतो. सेर्व्हांटेसच्या 'डॉन किहोते' (१६०५, १६१५) या स्पॅनिश कादंबरीतील सांचो पान्सा हे त्याचे अभिजात उदाहरण होय. बेटाच्या सुभेदारीच्या लोभाने आपला धनी डॉन किहोते याच्यामागे निघालेला सांचो सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांचा मालक शोधणे टाळू पाहतो, वाटेवरच्या खेडवळ तरुणीलाच धन्याची शापित प्रेयसी दुल्सिनेआ ठरवतो आणि तिच्या शापमुक्तीसाठी स्वतःच्या पाठीवर मारायचे फटके अंधारात झाडांवर ओढतो. मात्र सत्ता हाती येताच तो चोख न्याय करतो आणि रिकाम्या हाताने परततो. मरणशय्येवरील नायक शौर्याचे वेड टाकतो, तेव्हा पुन्हा बाहेर पडण्यासाठी त्याला विनवणारा सांचोच असतो. म्हणून आदर्शाचे बळ निष्कलंक अनुयायांपेक्षा अशा लबाड माणसात घडणाऱ्या पालटावरूनच अधिक जोखता येते.